धबधब्यावर कोणता कॅमेरा न्यावा?

जून उजाडला की ओळखीच्या लोकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला जुना : डेंग्यूपासून जपण्यासाठी काय करायचं? दुसरा अलीकडचा : पाण्यात चालेल असा कॅमेरा कुठला घ्यावा? जव्हार-मोखाड्याला जायचंय, धबधब्याखाली फोटो काढायचेत. खरं तर हा प्रश्न कॅमेऱ्याच्या दुकानदाराला विचारायचा. पण सरकारी रुग्णालयात बरेच पावसाळे काढलेल्या डॉक्टरकडेही त्याचं उत्तर असतं आणि ते दुकानदाराच्या उत्तरापेक्षा थोडं वेगळं असतं.

पालघर जिल्ह्यातले हे दोन तालुके पावसाळ्यात खरोखर पाहण्यासारखे. जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर. पुढे मोखाडा, खोडाळा, सूर्यमाळ असा चढत जाणारा मुलूख. उतारावर नाचणी-वरईची शेतं, वर ढग आणि दर वळणावर कुठून तरी कोसळणारं पाणी. लेंडी नदीवरचा दाभोसा सुमारे तीनशे फुटांवरून पडतो. जव्हारजवळचा काळमांडवी काळ्या कातळातून घसरत डोहात उतरणारा. शनिवार-रविवारी मुंबई, ठाणे, नाशिककडून गाड्यांची रांग लागते आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात फोन असतो.

याच काळमांडवीवर २ जुलै २०२० रोजी पाच जण बुडाले. बाहेरगावचे पर्यटक नव्हते, जव्हारचेच होते. त्या वेळच्या बातम्यांनुसार दोघे सेल्फी काढताना पाण्यात पडले आणि त्यांना वाचवायला उतरलेले तिघे त्यांच्याबरोबर गेले. हा आकडा नीट वाचा. फोटो काढताना गेले ते दोन, वाचवताना गेले ते तीन. पाण्याजवळ कॅमेरा निवडताना मी हे गणित आधी मांडतो. कॅमेऱ्याची किंमत, पिक्सेल, कंपनी हे सगळं नंतर.

खोक्यावरचा आकडा काय सांगतो

हल्लीच्या फोनच्या खोक्यावर ‘आयपी ६७’ किंवा ‘आयपी ६८’ असं छापलेलं असतं आणि दुकानात त्याचा अर्थ ‘वॉटरप्रूफ आहे, बिनधास्त वापरा’ असा सांगितला जातो. प्रत्यक्षात हा एका आंतरराष्ट्रीय मानकातल्या चाचणीचा निकाल असतो. पहिला अंक धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. पाण्याच्या अंकात ४ म्हणजे कुठल्याही बाजूने आलेले शिंतोडे सोसतो. ५ आणि ६ म्हणजे नळीतून सोडलेली धार सोसतो, ५ मध्ये साधी आणि ६ मध्ये जोरदार. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी चालतो. ८ म्हणजे त्याहूनही कठीण परीक्षा, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनीने ठरवायचं आणि जाहीर करायचं. म्हणून दोन फोनवर ६८ असेल, तरी दोघांची खोली एकच असेल असं नाही. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचावी लागतात.

यात तीन खाचाखोचा आहेत. पहिली, ७ आणि ८ ची ही चाचणी प्रयोगशाळेतल्या गोड्या, स्वच्छ, स्थिर पाण्यात होते. दुसरी, आकडा मोठा म्हणजे खालचे सगळे आकडे त्यात आले, असं नसतं. बुडवण्याच्या परीक्षेत पास झालेला फोन धारेच्या परीक्षेत बसलेलाच नसेल. दोन्ही परीक्षा दिलेल्या वस्तूवर दोन्ही आकडे वेगवेगळे लिहिलेले असतात. तिसरी, चाचणी नव्या कोऱ्या वस्तूवर झालेली असते. आतले रबराचे सांधे उन्हाने, पडण्याने, साबणाने, वयाने सैल होतात. रक्ताचा रिपोर्ट रक्त घेतलं त्या दिवसापुरता खरा असतो. दोन वर्षांपूर्वीची साखर दाखवून आज जिलबी मागता येत नाही, तसंच हे.

आता हेच ज्ञान धबधब्याला लावून पाहू. दहा मीटर उंचीवरून पडणारं पाणी खाली पोचतं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला जवळपास १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटरच्या घरात असतो. अशी धार सरळ एखाद्या वस्तूवर आदळली तर तिथे येणारा दाब साधारण दहा मीटर खोल पाण्यातल्या दाबाएवढा भरतो. वाटेत हवेमुळे धार विस्कटते म्हणून प्रत्यक्षात दाब कमी असतो, पण हिशोबाची दिशा लक्षात यावी. एक मीटर स्थिर पाण्यासाठी तपासलेला फोन तुम्ही अशा धारेखाली धरता तेव्हा ती परीक्षा त्याने कधी दिलेलीच नसते. त्यात पावसाळ्यातलं पाणी गाळाचं. बारीक वाळू चार्जिंगच्या भोकात आणि स्पीकरच्या जाळीत बसते ती बसतेच.

मोठ्या कंपन्यांनाही हा प्रश्न महाग पडला आहे. इटलीच्या स्पर्धा नियामकाने नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलला एक कोटी युरोचा दंड केला. फोन पाण्यात टिकतो अशी जाहिरात करताना तो दावा प्रयोगशाळेतल्या ठरावीक परिस्थितीपुरताच आहे, हे ग्राहकांना नीट सांगितलं नाही आणि पाण्याने बिघडलेला फोन मात्र हमीत धरला नाही, असा ठपका होता. ऑस्ट्रेलियात सॅमसंगला जून २०२२ मध्ये न्यायालयाने १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरायला लावले. जाहिरातीत फोन तलावात आणि समुद्रात वापरताना दाखवले होते. प्रत्यक्षात ओला फोन चार्जिंगला लावला तर चार्जिंगची जागा गंजून निकामी होण्याची शक्यता होती. तेव्हा घेण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : पाणी आत गेलं तर हमीत दुरुस्त करून देणार का? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असंच येतं.

चार पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांच्या खिशातला. आहे तोच फोन आणि त्याला पारदर्शक जलरोधक पिशवी. दोन-चारशे रुपयांत मिळते. घेताना तोंड बंद करायची कडी घट्ट आहे ना ते पाहा, शक्य तर तरंगणारी घ्या. नवी पिशवी फोन घालून तपासू नका. आत कोरडा टिश्यू पेपर ठेवा, तोंड बंद करा आणि अर्धा तास बादलीत बुडवून वर वजन ठेवा. कागद कोरडा निघाला तर पिशवी चांगली. दर पावसाळ्यात ही तपासणी पुन्हा करा, कारण घडीवरचं प्लॅस्टिक चिरतं. आणखी एक अडचण येते. फोनचा पडदा बोटाची विद्युत चाहूल ओळखून चालतो. पडद्यावर पाणी असलं की तो गोंधळतो, भलतंच बटण दाबलं जातं. म्हणून घरूनच आवाजाच्या बटणाने फोटो निघेल अशी सोय करून ठेवा. ओल्या पडद्याशी झटापट करत खडकावर उभं राहणं म्हणजे पायाखालचं लक्ष उडवणं.

दुसरा पर्याय ॲक्शन कॅमेरा. काड्यापेटीहून जरा मोठा, छातीवर, डोक्यावर किंवा पिशवीच्या पट्ट्यावर बसवता येतो. गोप्रोचे अलीकडचे बहुतेक हिरो कॅमेरे वेगळ्या आवरणाशिवाय १० मीटर खोलीपर्यंतचे, डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन ४ हा १८ मीटरपर्यंतचा. माझ्या दृष्टीने याचा मोठा गुण खोली नाही. दोन्ही हात मोकळे राहतात, हा आहे. पाय घसरला तर हात आधाराला असतात. दोष असा की याची दृष्टी फार रुंद असते, लांबचं सगळं बारीक दिसतं. शिवाय बॅटरीचं झाकण नीट लागलं नाही किंवा झाकणाच्या रबरावर एक केस अडकला, तरी पाणी आत शिरतं. ते झाकण कोरड्या जागी, कोरड्या हातांनीच उघडावं.

तिसरा पर्याय पाण्यासाठीच बनवलेला दणकट छोटा कॅमेरा. ओएम सिस्टिमचा टफ टीजी ७ हे त्याचं उदाहरण. १५ मीटर खोली आणि दोन मीटरवरून पडणं सोसण्याची हमी, शिवाय अगदी जवळून किडे-फुलं टिपण्याची चांगली सोय. पावसात रानफुलं, खेकडे, बेडूक टिपणाऱ्या शिक्षकांना आणि वनस्पती अभ्यासकांना हा सोयीचा. या जातीच्या कॅमेऱ्यांचा इतिहासही मोठा आहे. समुद्रसंशोधक जॅक कुस्तो यांच्या कल्पनेतून कॅलिप्सो नावाचा पाण्याखालचा कॅमेरा १९६० च्या सुमारास आला आणि पुढे निकॉनने १९६३ पासून तो निकोनोस या नावाने विकला.

चौथा पर्याय लांबून फोटो घेणारा झूम कॅमेरा, किंवा पाच पट ऑप्टिकल झूम असलेला फोन. हा पाण्यात जात नाही. जायची गरजच नाही. कॅमेऱ्यावर पावसाचं कव्हर, वर छत्री, काच पुसायला खिशात कोरडं सुती फडकं, इतकं पुरतं. ज्या महागड्या कॅमेऱ्यांना पावसापासून संरक्षण असतं त्यांचं भिंगही तसंच असावं लागतं. एक सांधा उघडा राहिला तर बाकीच्यांचा उपयोग नाही.

आता प्रश्न उरतो तो खोलीचा. दुकानदार १० मीटर, १८ मीटर, २० मीटर सांगून किंमत वाढवतो. जव्हार-मोखाड्यात जुलै-ऑगस्टमध्ये ओढ्याचं पाणी दुधाच्या चहासारखं असतं. त्यात डोकं बुडवून कॅमेरा चालवला तरी तांबूस धुकं दिसेल. स्वच्छ पाण्यातही लाल रंगाचा प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच शोषला जातो. म्हणजे इथल्या पावसाळ्यासाठी खोलीला पैसे मोजणं वाया. तुम्हाला हवं ते शिंतोड्यांपासून संरक्षण, मोकळे हात आणि लांबून जवळचं दिसणारं भिंग.

सेल्फीत धबधबा लहान का दिसतो

लोक कठड्याच्या टोकाला का जातात, याचं एक कारण भिंगात आहे. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याची दृष्टी रुंद असते आणि तो चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो. समजा, वीस मीटर उंचीचा धबधबा तुमच्या पाठीमागे ६० मीटरवर आहे. सेल्फीत तुमचा चेहरा ६० सेंटिमीटरवर आणि धबधबा त्याच्या शंभरपट लांब. परिणामी, फोटोत तो अख्खा धबधबा तुमच्या चेहऱ्याहूनही लहान येतो. पडद्यावर बघून माणूस नाराज होतो आणि एक पाऊल मागे टाकतो. मग आणखी एक. पाठ पाण्याकडे, डोळे पडद्यावर, पाय शेवाळावर.

आता तोच फोटो दुसऱ्या पद्धतीने काढू. तुम्ही तिथेच, धबधब्यापासून ६० मीटरवर सुरक्षित उभे राहा. सोबती तुमच्यापासून वीस मीटर मागे जाऊन पाच पट झूमने फोटो काढेल. आता कॅमेऱ्यापासून तुम्ही २० मीटरवर आणि धबधबा ८० मीटरवर, म्हणजे फक्त चौपट लांब. या फोटोत तुम्ही डोक्यापासून पायापर्यंत दिसता आणि मागचा धबधबा तुमच्या तिप्पट उंच उभा राहतो. ज्या फोटोसाठी लोक जीव धोक्यात घालतात तो फोटो खरं तर लांबूनच चांगला येतो. भूमितीच तशी आहे.

दोन किरकोळ सूचना. पावसात फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर थेंबांवरून परतलेल्या उजेडाचे पांढरे ठिपके फोटोभर येतात. आणि पाण्याची रेशमासारखी धार टिपायची असेल तर फोन तिपाईवर ठेवून शटर सावकाश करा. तिपाई काठापासून दूर कोरड्या जागी लावली तरी तो फोटो उत्तम येतो.

पाण्याचा जोर डोळ्यांना कळत नाही

‘गुडघाभर तर पाणी आहे’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. सेकंदाला दोन मीटर, म्हणजे आपण झपाझप चालतो त्याहून थोड्या जास्त वेगाचं पाणी गुडघ्यापर्यंत असेल तर दोन्ही पायांवर मिळून साधारण २० किलो वजनाचा रेटा बसतो. वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे ८० किलो. पायाखाली शेवाळलेला कातळ असताना हा रेटा कुणालाच पेलत नाही, पैलवानालाही नाही. जोरात वाहणारं अवघं वीतभर पाणीसुद्धा मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं.

हा वेग तुमच्या डोक्यावरच्या पावसाने ठरत नाही. वर मोखाड्याच्या डोंगरात सर कोसळली की खाली ऊन असतानाही ओढा फुगतो. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हाही पाणी बघता बघता वाढलं होतं. पाणी अचानक गढूळ झालं, त्यातून पाला-काटक्या येऊ लागल्या, आवाज बदलला, तर कॅमेरा गुंडाळायचा आणि चढावर जायचं. स्थानिक माणूस ‘निघा आता’ म्हणाला तर कारण विचारत बसायचं नाही. प्रशासन पावसाळ्यात काही ठिकाणी बंदीचे आदेश काढतं तेही अशाच अनुभवातून.

पाणी नितळ असलं तरी फसवतंच. प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो, म्हणून चार मीटर खोल डोह वरून तीन मीटरचा वाटतो. उथळ वाटला म्हणून उतरलेला माणूस डोक्यावरून पाणी गेल्यावर घाबरतो. उलट ‘खोल आहे’ म्हणून उंचावरून उडी मारणंही तितकंच घातक. मे २०२४ मध्ये दाभोशाच्या डोहात सुमारे १२० फुटांवरून उडी मारलेल्या एका तरुणाचा मृत्यू झाला आणि त्या उडीचं चित्रीकरण पुढे हजारो फोनवर फिरलं. त्या उंचीवरून पडणारा माणूस ताशी ९० किलोमीटरहून अधिक वेगाने पाण्यावर आपटतो. त्या वेगाला पाणी मऊ राहत नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये रायगड जिल्ह्यातल्या कुंभे धबधब्याजवळ चित्रीकरण करताना एक तरुणी दरीत कोसळून गेली.

हे अपवाद नाहीत. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळातल्या जगभरच्या बातम्या तपासून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सेल्फी काढताना झालेले २५९ मृत्यू त्यांना सापडले. सर्वाधिक भारतात. आणि मृत्यूच्या कारणांत पहिला क्रमांक बुडण्याचा. मृतांचं सरासरी वय होतं साधारण २३ वर्षं.

फोन कोरडा का हवा

यासाठी माझा आग्रह आहे की पाण्याजवळचा कॅमेरा आणि फोन शक्य तर वेगळे ठेवावेत. धबधब्यावर फोन आधी मदतीची हाक असतो, कॅमेरा नंतर. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आपत्कालीन मदतीसाठी ११२ लावायला तो चालू असला पाहिजे. मोखाड्याच्या अनेक पाड्यांवर नेटवर्क मुळातच विरळ. दरीत तर बहुधा नाहीच. उतरण्याआधी वर शेवटची रेंज कुठे होती ते ठिकाण लक्षात ठेवा, गावाचं आणि पाड्याचं नाव विचारून घ्या आणि किमान एक फोन, चार्ज केलेला आणि कोरडा, काठावर थांबणाऱ्या माणसाकडे द्या. घाटरस्त्याने आलेली रुग्णवाहिका दरीत उतरत नाही. तळातून रस्त्यापर्यंत माणसाला झोळीत घालून वर आणावं लागतं आणि ते काम गावकरीच करतात. प्राणवायू तुटल्यावर मेंदूला चार ते सहा मिनिटांत इजा व्हायला लागते. म्हणजे पहिली मदत डॉक्टरची नसते, तिथे हजर असलेल्याची असते.

म्हणून तिथे हजर असलेल्याने काय करावं, ते इथेच सांगतो. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. श्वास घेण्याच्या धडपडीत आवाज काढायला हवा उरत नाही. तो गप्प दिसेल, डोकं मागे, तोंड पाण्याच्या पातळीवर. त्याच्यामागे उडी घेऊ नका. काळमांडवीचे ते तीन जण आठवा. काठी, ओढणी, साडी, घोंगडं, दोर, कॅमेऱ्याची तिपाई, जे हाताशी असेल ते काठावर पालथं पडून पुढे करा. लांब असेल तर तरंगणारं काहीतरी फेका. झाकण घट्ट लावलेली रिकामी पाच लिटरची बाटली किंवा कॅनही माणसाला तरंगत ठेवायला मदत करते.

बाहेर काढल्यावर उलटं टांगू नका, पोट दाबून पाणी काढू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी-अन्न श्वासनळीत जाण्याचा धोका वाढतो. श्वास चालत नसेल तर हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने श्वास द्या आणि लगेच छातीच्या मध्यावर दाब सुरू करा. तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस. मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल. बुडालेल्याला प्राणवायूची कमतरता असते म्हणून इथे श्वास देणं टाळू नका. एकाने हे चालू ठेवायचं आणि दुसऱ्याने रेंजच्या ठिकाणी धावत जाऊन १०८ लावायचं. शुद्धीवर आला, बोलायला लागला तरी त्याला रुग्णालयात आणा. फुप्फुसात पाणी गेलेल्याला पुढच्या काही तासांत खोकला आणि धाप वाढू शकते.

घरी आल्यावर

कॅमेऱ्याचंही थोडं सांगायला हवं. ओल्या फोनला तांदळात पुरणं हा घरगुती इलाज ॲपलनेही करू नका असं सांगितलंय, कारण तांदळाचे बारीक कण फोनमध्ये शिरतात. बंद करा, चार्जिंगचं भोक खाली करून हलके झटका, पुसा आणि हवेशीर जागी ठेवा. पूर्ण कोरडा होईपर्यंत चार्ज करू नका. बॅटरी फुगली, गरम लागली किंवा वास आला तर तो फोन घरात उशाजवळ ठेवायचा नाही, सरळ दुरुस्तीच्या दुकानात.

गढूळ पाण्यात वापरलेला जलरोधक कॅमेरा आधी स्वच्छ पाण्यात हळूच खळबळून घ्या आणि झाकण नंतर उघडा, म्हणजे रबरावर वाळू राहत नाही. भिंग असलेला चांगला कॅमेरा ओलसर पिशवीत महिनाभर ठेवला की काचेवर कोळ्याच्या जाळीसारखी बुरशी येते आणि तिच्यातून पाझरणारं आम्ल काचेवरचा लेप खातं. हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, हा स्वस्त उपाय. त्या पुड्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळताना घशात अडकतात.

खरेदी करणाऱ्याने आता आपला हिशोब मांडावा. फक्त वर्षातून दोनदा सहलीला जायचं असेल तर नवा कॅमेरा घेऊच नका. तपासलेली पिशवी घ्या, सोबत्याला वीस मीटर मागे उभं करा. ट्रेक करत असाल तर छातीवरचा ॲक्शन कॅमेरा, म्हणजे हात मोकळे. पावसातले जीव आणि वनस्पती टिपायच्या असतील तर दणकट छोटा कॅमेरा. धबधब्याचाच नाद असेल तर झूम, तिपाई आणि छत्री. कुठल्याही कॅमेऱ्याचा पट्टा मनगटात घाला, वाहत्या पाण्याजवळ गळ्यात नको, तो कशातही अडकतो. आणि खर्चातून शे-दोनशे रुपये वाचले तर त्यांचा पंधरा मीटर नायलॉनचा दोर घेऊन गाडीत टाका.